साडेसहा फुटी माणूस आणि त्याचा रेडिओ

आपल्यापैकी इंजिनिअरिंगला स्वतःहून आलेले किती आणि घरच्यांनी ‘घातलेले’ किती, याचा सर्व्हे अजून कोणी केलेला नाही. केला तर दुसरी बाजू जड निघेल असं मला आपलं वाटतं. हा लेख अशाच एका ‘घातलेल्या’ इंजिनिअरबद्दल आहे. त्याचं नाव जॉन रीथ. जगभर जिचं नाव घेतात ती बीबीसी या माणसाने उभी केली आणि साडेपंधरा वर्षं चालवली.

मी टेलिकॉमचा. लाँग वेव्ह प्रक्षेपणाबद्दल वाचताना डॅव्हेंट्री नावाचं स्टेशन भेटलं आणि त्याच्या मागोमाग हे रीथसाहेब भेटले. आधी वाटलं, असेल कोणी मोठा साहेब, चार ओळी वाचू आणि सोडून देऊ. पण तसं झालं नाही. कारण या माणसाच्या आयुष्यात एक गोष्ट अशी होती की ती माझ्या डोक्यातून जाईना. रीथ कट्टर ख्रिस्ती होते आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. देवानेच आपल्याला या खुर्चीवर बसवलं आहे असं ते मनापासून मानत. धर्म घरी ठेवायचा आणि ऑफिसला वेगळा माणूस म्हणून जायचं, हे त्यांना मान्यच नव्हतं.

आता असा माणूस लाखो लोकांच्या कानापर्यंत पोचणाऱ्या यंत्राचा मुख्य झाला तर काय होईल? चांगलं होईल की वाईट? मी स्वतः ख्रिस्ती नाही, पण हा प्रश्न एका धर्माचा नाही. मला त्याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून हा एवढा लेख.

पाद्र्याचा धाकटा मुलगा

जॉनचा जन्म २० जुलै १८८९ रोजी स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या स्टोनहेवन गावी झाला. सात भावंडांत तो सगळ्यात धाकटा, आणि तोही बाकीच्यांच्या नंतर बऱ्याच वर्षांनी झालेला. वडील रेव्हरंड जॉर्ज रीथ ग्लासगोमध्ये पाद्री होते. स्कॉटलंडचा हा प्रेस्बिटेरियन पंथ साधा आणि कडक. रविवार म्हणजे देवाचा दिवस. त्या दिवशी खेळ नाही, मौजमजा नाही. वडील बोलायला लागले की मोठमोठे लोक ऐकत बसत. जॉनच्या मनात वडिलांबद्दल आदर इतका होता की पुढे स्वतः मोठा झाल्यावरही त्यांच्या नजरेत आपण उतरतो की नाही, याचीच त्याला काळजी असायची.

जॉनला पुढे युनिव्हर्सिटीत शिकायची इच्छा होती. वडिलांनी ठरवलं, याने इंजिनिअर व्हायचं. झालं! ग्लासगोच्या रॉयल टेक्निकल कॉलेजात थोडं शिक्षण आणि मग नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीच्या हाइड पार्क कारखान्यात उमेदवारी. तिथे रेल्वेची इंजिनं बनत. पहाटे उठायचं, तेलकट हातांनी दिवस काढायचा. हे काम त्याला मनापासून आवडलं असं कधी झालं नाही. आपल्याकडून काहीतरी मोठं काम व्हायचं आहे आणि आपण इथे नटबोल्टांत अडकलोय, ही खंत त्याने डायरीत पुन्हा पुन्हा लिहिली. (डायरी मात्र त्याने जन्मभर लिहिली. आज आपल्याला त्याच्याबद्दल जे बरं-वाईट माहीत आहे त्यातलं बरंचसं त्याच्याच डायरीतून आलेलं आहे.)

मग पहिलं महायुद्ध आलं. ऑक्टोबर १९१५ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर एका निशाणबाजाची गोळी रीथ यांच्या डाव्या गालात घुसली. जीव वाचला, पण गालावरचा व्रण कायमचा राहिला. साडेसहा फूट उंची, दाट भुवया आणि वर तो व्रण. ऑफिसात हा माणूस समोर उभा राहिला की लोकांची बोलती बंद होत असणार! पुढे काही काळ अमेरिकेत ब्रिटनसाठी बनणाऱ्या रायफली तपासायचं काम केलं. परत आल्यावर ग्लासगोजवळच्या कोटब्रिजला बिअर्डमोर कंपनीच्या कारखान्यात जनरल मॅनेजर झाले. १९२१ मध्ये म्युरिएल ओडहॅम्स यांच्याशी लग्न झालं. १९२२ मध्ये ती नोकरीही सुटली आणि रीथ लंडनला आले. वय ३३. पुढे काय करायचं, पत्ता नाही.

प्रवचन आणि अर्ज

ऑक्टोबर १९२२ मधल्या एका रविवारी रीथ लंडनच्या रीजंट स्क्वेअर चर्चमध्ये उपासनेला गेले. त्या दिवशी प्रवचन यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या एका भागावर होतं. तटबंदीला खिंडार पडलंय आणि तिथे उभा राहील असा एक माणूस देव शोधतोय, असा त्याचा आशय. रीथ घरी आले आणि आपल्यासाठी देवाने काहीतरी मोठं काम राखून ठेवलं आहे, असं त्यांनी डायरीत लिहिलं.

काही दिवसांतच वर्तमानपत्रात एक जाहिरात दिसली. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनी नावाच्या नव्या कंपनीला जनरल मॅनेजर हवा होता. ही कंपनी १८ ऑक्टोबर १९२२ रोजी स्थापन झाली होती. मार्कोनी, मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स अशा रेडिओ संच बनवणाऱ्या कंपन्या तिच्या मागे होत्या. त्यांचा हिशोब सरळ होता. हवेत काही ऐकायला असेल तरच लोक संच विकत घेणार.

गंमत पुढे आहे. रीथ यांनी अर्ज लिहून आपल्या क्लबच्या पत्रपेटीत टाकला. नंतर अर्ज ज्यांच्याकडे जायचा होता ते सर विल्यम नोबल ॲबरडीनचे आहेत हे कळलं. मग त्यांनी पेटीतून पत्र परत काढून घेतलं आणि आपलं घराणंही ॲबरडीनकडचंच, हे वाक्य घालून पुन्हा टाकलं! देवावर भरवसा पुरेपूर, पण वशिल्याची एक खुंटीही हाताशी असलेली बरी. हे वाचून मला ते जास्त जवळचे वाटले.

डिसेंबरात मुलाखत झाली आणि नोकरी मिळाली. गमतीची गोष्ट म्हणजे ब्रॉडकास्टिंग म्हणजे नेमकं काय, हे तेव्हा त्यांना धड ठाऊक नव्हतं. ३० डिसेंबर १९२२ रोजी ते कामावर रुजू झाले तेव्हा ऑफिसातली माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती.

विश्वासाचं काय केलं

इथून खरी गोष्ट सुरू होते. रीथ यांनी आपला विश्वास कामात कसा आणला? सकाळी प्रार्थना लावली आणि झालं, एवढंच नव्हे.

पहिली गोष्ट म्हणजे त्यांनी रेडिओकडे सेवा म्हणून पाहिलं. त्या काळात अमेरिकेत खासगी स्टेशनं भराभर निघत होती आणि जाहिरातींवर चालू लागली होती. ब्रिटनमध्ये संचधारकाने वर्षाला १० शिलिंगांचा परवाना काढायचा आणि त्यातून खर्च भागवायचा, अशी पद्धत होती. रीथ यांनी ही पद्धत धरून ठेवली. रेडिओला पहिला वर्ग आणि तिसरा वर्ग नसतो, राजवाड्यात जे ऐकू येतं तेच खाणकामगाराच्या खोलीत ऐकू येतं, हा विचार त्यांनी १९२४ च्या आपल्या पुस्तकात मांडला. देवाने दिलेली देणगी मूठभरांसाठी राखून ठेवायची नाही, हे त्यांच्या घरातलं शिक्षण होतं.

आता हे बोलणं सोपं, पण इंजिनिअरिंगच्या भाषेत याचा अर्थ काय? त्या वेळी लोकांकडे बहुतेक साधे क्रिस्टल सेट होते. त्यांना बॅटरी लागत नाही, ॲम्प्लिफायर नाही. अँटेनाने पकडलेल्या ऊर्जेवरच हेडफोन वाजतो. त्यामुळे स्टेशनच्या जवळ असाल तरच ऐकू येणार. खेड्यापाड्यांतल्या गरिबाला एक तर महागडा व्हॉल्व्ह सेट घ्या, नाही तर गप्प बसा. यावर उपाय म्हणून २७ जुलै १९२५ रोजी इंग्लंडच्या मध्यभागी डॅव्हेंट्रीच्या टेकडीवर लाँग वेव्हचं मोठं स्टेशन सुरू झालं. लाँग वेव्हची भूतरंग जमिनीला धरून लांबवर जाते हे आपण अभ्यासात वाचतोच. या एका स्टेशनमुळे देशातले बहुसंख्य लोक साध्या संचाच्या टप्प्यात आले. हे तांत्रिक काम पीटर एकर्सली या मुख्य इंजिनिअरचं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी गोष्ट धार्मिक कार्यक्रमांची. रीथ यांनी १९२३ मध्येच वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांच्या लोकांची एक समिती बसवली. एरवी एकमेकांच्या चर्चची पायरी न चढणारे लोक तिथे एका टेबलाभोवती बसले. रेडिओवरून पंथापंथांची भांडणं नकोत, सगळ्यांना समान असलेलं ख्रिस्ताचं शिक्षण हवं, असा त्यांचा आग्रह होता. ६ जानेवारी १९२४ रोजी लंडनच्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स चर्चमधून पहिल्यांदा पूर्ण उपासना प्रक्षेपित झाली. चर्चला चालत जाऊ न शकणाऱ्या आजारी आणि म्हाताऱ्या माणसांना ती घरी बसून ऐकता आली. २ जानेवारी १९२८ पासून रोज सकाळी छोटी उपासना सुरू झाली. तीही वरून आलेली कल्पना नव्हती. एका श्रोत्या बाईने चिकाटीने पत्रं लिहून आणि हजारो सह्या गोळा करून ती मागून घेतली होती.

आणि तिसरी गोष्ट शिस्तीची. ५ फेब्रुवारी १९२४ पासून ग्रिनिचच्या वेळेचे सहा ठोके रेडिओवरून वाजू लागले. रात्री निवेदकाने डिनर जॅकेट घालून माइकसमोर बसायचं असाही दंडक होता. रेडिओवर कोण बघतंय? पण रीथ यांच्या मते काम म्हणजे काम, आणि ते देवाच्या समोर चाललेलं असतं. लोकांना जे हवं ते देण्यापेक्षा त्यांना जे चांगलं ते द्यावं, असं ते उघडपणे म्हणत. यावरून त्यांना गर्विष्ठ म्हणणारेही पुष्कळ होते. पण परवान्यांचे आकडे पाहा. १९२६ च्या अखेरीस २० लाखांहून जास्त, आणि १९३८ पर्यंत ८० लाखांच्या वर. लोक ऐकत होते.

मे १९२६ चे नऊ दिवस

विश्वासाची परीक्षा सुखाच्या दिवसांत होत नाही. रीथ यांची झाली मे १९२६ मध्ये.

कोळसा खाणींच्या मालकांनी मजुरी कमी करायची आणि तास वाढवायचे ठरवलं. खाणकामगारांना पाठिंबा म्हणून देशभरच्या कामगार संघटनांनी सार्वत्रिक संप पुकारला. रेल्वे बंद, बस बंद, आणि छापखानेही बंद. म्हणजे वर्तमानपत्रं जवळपास नाहीत. तोवर वर्तमानपत्रांच्या दबावामुळे रेडिओला संध्याकाळी ७ च्या आधी बातम्या द्यायची परवानगी नव्हती. ती अट आता उठली आणि एकाएकी रेडिओ हाच देशाचा मुख्य बातमीदार झाला.

मंत्रिमंडळातल्या विन्स्टन चर्चिल यांचं म्हणणं होतं, बीबीसी सरकारने ताब्यात घ्यावी. कायद्याने ते शक्यही होतं. रीथ अडून बसले आणि पंतप्रधान बाल्डविन यांच्याकडून त्यांनी बीबीसीचा ताबा वाचवला. बातम्यांत संपकऱ्यांची निवेदनंही दिली गेली. हे लहान काम नव्हतं.

पण त्याची किंमत काय मोजली? विरोधी पक्षनेते रॅम्से मॅक्डोनल्ड यांना रेडिओवर बोलायचं होतं. रीथ यांनी सरकारला विचारलं. सरकार नको म्हणालं. मॅक्डोनल्ड बोलू शकले नाहीत. पंतप्रधानांचं भाषण मात्र झालं, आणि तेही रीथ यांच्या राहत्या घरून.

मग आली सगळ्यात अवघड वेळ. इंग्लंडच्या चर्चचे प्रमुख, कँटरबरीचे आर्चबिशप रँडल डेव्हिडसन यांनी इतर चर्चनेत्यांशी बोलून तडजोडीचं एक आवाहन तयार केलं. संप मागे घ्या, सरकारने खाणींना दिलेली मदत थोडे दिवस चालू ठेवावी, आणि मालकांनी नवे मजुरीचे दर मागे घ्यावेत, हे सगळं एकाच वेळी. शांततेसाठी, मध्ये उभं राहून केलेलं आवाहन. आर्चबिशपना ते रेडिओवरून वाचायचं होतं. पाद्र्याच्या घरात वाढलेल्या रीथ यांनी त्यांना नकार दिला!

का? सरकार चिडेल आणि बीबीसी ताब्यात घेईल ही भीती. शेवटी ११ मे रोजी आवाहन प्रसारित झालं. दुसऱ्या दिवशी, १२ मेला, संप मिटला आणि ती बातमी स्वतः रीथ यांनी वाचली.

इथे मी बराच वेळ अडलो. खिंडारात उभा राहणारा माणूस व्हायचं म्हणून हा इथे आला, आणि एक म्हातारा धर्मगुरू खरोखर खिंडारात उभा राहायला निघाला तेव्हा यानेच माइक बंद ठेवला. रीथ यांच्या बाजूने बोलायचं तर, त्या दिवशी ते हट्टाला पेटले असते तर बीबीसीची स्वायत्तता तिथेच संपली असती आणि पुढचं काहीच झालं नसतं. १ जानेवारी १९२७ रोजी कंपनीचं सनदप्राप्त महामंडळ झालं, ते या संयमामुळेच, असं म्हणणारे आहेत. पण रीथ यांनी स्वतःला फसवलं नाही. आपण खऱ्या अर्थाने निःपक्षपाती राहणार नाही हे सरकारला ठाऊक होतं, अशी कबुली त्यांनी डायरीत लिहून ठेवली. हा प्रामाणिकपणा मला मोठा वाटतो. आणि तो डायरीतच राहिला, याचं वाईटही वाटतं.

कडकपणाची दुसरी बाजू

आता एकर्सली. ब्रिटनमधल्या अगदी सुरुवातीच्या प्रक्षेपणांत रिटल गावच्या झोपडीवजा स्टुडिओतून हा माणूस श्रोत्यांना हसवत असे. १९२३ मध्ये तो बीबीसीचा पहिला मुख्य इंजिनिअर झाला. डॅव्हेंट्री त्याचं, आणि प्रत्येक भागात दोन कार्यक्रम ऐकू येतील अशी प्रादेशिक स्टेशनांची योजनाही त्याचीच. १९२९ मध्ये त्याच्या घटस्फोटाचं प्रकरण पुढे आलं आणि त्याला राजीनामा द्यावा लागला. कामात चूक काही नव्हती. रीथ यांच्या संस्थेत असं चालत नसे.

शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. व्यभिचाराच्या आरोपाखाली एका बाईला लोक येशूपुढे आणतात आणि दगड मारायला उभे राहतात. ज्याने पाप केलं नसेल त्याने पहिला दगड मारावा, अशा अर्थाचं येशू सांगतो आणि गर्दी पांगते. हा प्रसंग रीथ यांना पाठ असणार. तरी ऑफिसात त्यांनी नियम पाळला, क्षमा पाळली नाही. आणि नियतीचा खेळ बघा, ११ डिसेंबर १९३६ रोजी एका घटस्फोटित बाईसाठी सिंहासन सोडणाऱ्या आठव्या एडवर्डचं निरोपाचं भाषण झालं, तेव्हा विंडसर किल्ल्यात माइकवरून त्याची ओळख करून दिली ती रीथ यांनीच.

रविवारचंही तसंच. रविवारी चर्चच्या वेळेत प्रक्षेपण नाही, नाचगाण्याचं संगीत नाही. फक्त उपासना, गंभीर संगीत आणि भाषणं. आठवडाभर खाणीत किंवा गिरणीत राबलेल्या माणसाला सुट्टीच्या एका दिवशी थोडं हलकंफुलकं ऐकावंसं वाटलं तर? तो सरळ रेडिओ नॉर्मंडी किंवा १९३३ मध्ये सुरू झालेलं रेडिओ लक्झेंबर्ग लावायचा. तिथे गाणी होती आणि साबणाच्या जाहिराती होत्या. जाहिरातींना दारातून हाकललं, त्या खिडकीतून आल्या.

आपल्याकडेही अगदी हेच घडलं आहे. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मूळचे पुण्याचे. आकाशवाणीवर शास्त्रीय संगीत वाढावं म्हणून त्यांनी सिनेगीतांना कात्री लावली. श्रोते गेले रेडिओ सिलोनकडे, आणि अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ घराघरांत पोचली. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. लोकांचं भलं करायला निघालेल्या माणसाने लोकांना विचारायचंच नाही असं ठरवलं, की हे होतं.

रीथ यांचा भारताशी संबंध एवढाच नाही. भारतात रेडिओ नीट उभा राहावा म्हणून ते अनेक वर्षं धडपडत होते. मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालेली खासगी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी १९३० मध्ये बुडाली. मग सरकारने १९३५ मध्ये बीबीसीचे लायोनेल फील्डन यांना भारतात आणलं आणि १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव आलं. म्हणजे आपल्या आकाशवाणीच्या घडणीतही या स्कॉटिश पाद्र्याच्या मुलाचा दुरून हात आहे. स्वतः रीथ यांना भारताचा व्हाइसरॉय व्हायची इच्छा होती. ते काही झालं नाही, आणि १९२६ च्या संपातलं त्यांचं वागणं पाहता, ते बरंच झालं!

आणखी एक गोष्ट लपवून चालणार नाही. १९३० च्या दशकात रीथ यांनी डायरीत हिटलरच्या धडाक्याचं कौतुक केलं आहे. शिस्त आणि कार्यक्षमता यांची भूल इतकी की त्यामागचा छळ दिसला नाही. रोज बायबल वाचणाऱ्या माणसाची ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते.

शेवटची कळ

१९३२ मध्ये बीबीसी नव्या इमारतीत, ब्रॉडकास्टिंग हाउसमध्ये गेली. दर्शनी दालनात लॅटिन शिलालेख आहे. ही वास्तू सर्वशक्तिमान देवाला अर्पण केली आहे, इथे पेरलेल्या चांगल्या बियाण्याला चांगलं पीक येवो, असा त्याचा भाव. त्यात रीथ यांचंही नाव कोरलं आहे.

सहा वर्षांनी, ३० जून १९३८ रोजी, रीथ यांनी बीबीसी सोडली. मोठा निरोप समारंभ त्यांना नको होता. त्या रात्री ते गाडीने ड्रॉइटविचच्या ट्रान्समीटरवर गेले. १९३४ मध्ये सुरू झालेलं हे १५० किलोवॅटचं लाँग वेव्ह स्टेशन, डॅव्हेंट्रीचं थोरलं भावंड. शेवटचा कार्यक्रम संपल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने यंत्रं बंद केली आणि पाहुण्यांच्या वहीत, आपण आता बीबीसीचे राहिलो नाही अशा अर्थाची सही करून ते निघाले. नटबोल्टांचा कंटाळा असलेला हा माणूस निरोप घ्यायला गेला तो स्टुडिओत नाही, यंत्रांपाशी.

पुढचं आयुष्य त्यांना कडू गेलं. इम्पीरियल एअरवेज, मग १९४० मध्ये मंत्रिपद आणि लॉर्ड ही पदवी, १९४२ मध्ये चर्चिलने मंत्रिमंडळातून काढलं. नंतर अनेक मंडळांची अध्यक्षपदं मिळाली. पण आपल्या कुवतीइतकं काम आपल्याला कुणी दिलंच नाही, हा सल गेला नाही. चर्चिलवरचा राग त्यांनी शेवटपर्यंत धरून ठेवला. मुलगी मरिस्टा हिने २००६ मध्ये वडिलांवर पुस्तक लिहिलं, त्यात घरातले रीथ भेटतात आणि ते वाचायला सोपं नाही. १९५२ मध्ये त्यांनी लॉर्ड्सच्या सभागृहात व्यापारी टीव्हीची तुलना साथीच्या रोगांशी केली. तरी १९५५ मध्ये तो आलाच. १९६७ आणि १९६८ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चच्या महासभेत राणीचे प्रतिनिधी म्हणून बसायचा मान मिळाला. कधीकाळी वडील ज्या परंपरेत उभे होते, तिथेच. १६ जून १९७१ रोजी एडिंबरोत ते वारले.

त्यांच्या नावाने बीबीसीने १९४८ मध्ये व्याख्यानमाला सुरू केली. पहिली व्याख्यानं दिली बर्ट्रांड रसेल यांनी, म्हणजे आपण ख्रिस्ती का नाही हे जगाला जाहीरपणे सांगणाऱ्या तत्त्वज्ञाने! मला ही रीथ यांच्या कामाला मिळालेली सगळ्यात चांगली पावती वाटते. त्यांनी उभी केलेली संस्था त्यांच्याहून मोठ्या मनाची निघाली.

मग सुरुवातीच्या प्रश्नाचं काय? मला वाटतं ते असं. रीथ यांच्या विश्वासाने त्यांना न विकलं जाण्याची ताकद दिली. गरिबाच्या क्रिस्टल सेटपर्यंत चांगली गोष्ट पोचवायची जिद्द दिली. ते त्या विश्वासाचं पीक आहे आणि ते आजही उभं आहे. पण डेव्हिडसन यांना थांबवताना, एकर्सलीला काढताना, रविवारी राबणाऱ्या माणसाचं न ऐकताना जे झालं, तिथे विश्वास कमी पडला आणि खुर्ची जड झाली.

आपल्यातले काही उद्या चॅनेलमध्ये जातील, काही ॲप लिहितील, कुणाचं म्हणणं लोकांना दिसावं आणि कुणाचं नाही हे ठरवणारा कोड कुणाच्या तरी हातून जाईलच. टेबलावर देवाचा फोटो असेल किंवा नसेल. कोणाला बोलू दिलं आणि कोणाला चूक पोटात घालून ठेवून घेतलं, यावरून आपण काय मानतो ते लोकांना कळेल. रीथ यांच्यासारखी रोज रात्री खरीखुरी डायरी लिहायची सवय तेवढी लावून घेतली, तर निदान आपलं आपल्याला कळेल.